आरोपाचे शब्द आणि आरोपाच्या पायऱ्या
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कारखान्यात एखाद्या कामगाराच्या हाती ‘चार्जशीट’ पडली की त्याच्या चाळीत कुजबूज सुरू होते. तो दोन दिवस उशिरा आला असेल, मुकादमाशी त्याची बोलाचाली झाली असेल. पण शब्द पोलीस ठाण्यातला, त्यामुळे शेजाऱ्यांच्या लेखी तो चोर ठरतो. एका शब्दाने अब्रू जाते, म्हणून त्या शब्दाच्या कुळाकडे आज आपण पाहणार आहोत.

दोषारोपासाठी इंग्रजीत आठ-दहा शब्द आहेत आणि त्यांतले बहुतेक मूळ इंग्लंडच्या मातीतले नव्हेत. 1066 साली नॉर्मन सरदारांनी तो देश जिंकला आणि पुढे न्यायालयात राज्यकर्त्यांची फ्रेंच भाषा आली. ‘अक्यूज’, ‘चार्ज’, ‘ब्लेम’, ‘इंडाइट’, ‘इम्पीच’ हे सारे त्याच वाटेने आले. आरोप करण्यासाठी सामान्य सॅक्सन माणसाचा स्वतःचा जो शब्द होता तो मात्र लोपला. 1362 साली कायदा करून न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत चालावेत असे ठरवावे लागले. फ्रेंच भाषा लोकांना समजत नाही, हे कारण त्या कायद्यातच नमूद आहे. तरीही वकिलांनी आपल्या लेखनात ती पुढे शतकानुशतके जपली. आपल्यावर काय ठेवले आहे हेच आरोपीला न कळणे, हा प्रकार केवळ आपल्याच नशिबी आलेला नाही.

या शब्दांची मुळे मोठी बोलकी आहेत. ‘चार्ज’ म्हणजे मुळात गाडीवर ओझे लादणे, आणि म्हणूनच ‘डिस्चार्ज’ म्हणजे ते उतरवणे. ‘इम्पीच’च्या मुळाशी पायात अडकवलेली बेडी आहे. परंतु आपल्याला अधिक महत्त्वाचे आहे ते या शब्दांतील अंतर. ‘अलेज’ म्हणजे अमुक घडले असे कोणीतरी म्हणतो, पुरावा अजून यायचा आहे. ‘अक्यूज’ म्हणजे माणसाकडे बोट दाखवणे. ‘चार्ज’ म्हणजे अधिकार असलेल्याने रीतसर ठेवलेला आरोप. ‘कन्व्हिक्ट’ ही अखेरची पायरी. प्रत्येक पायरीवर माणसाला थांबून उत्तर देता येते, आणि ही जागा तिथल्या जनतेला कोणी दान म्हणून दिलेली नाही.

हिंदुस्थानातील कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर इंग्लंडच्या पार्लमेंटात महाभियोग चालला तेव्हा या साऱ्या पायऱ्या त्याला मिळाल्या. 1788 ते 1795 अशी सात वर्षे खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. कंपनीने त्याला पुढे वर्षासनही दिले! त्याच राजवटीने 1871 साली इथे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात कोणी कोणावर आरोप करण्याची गरजच उरली नाही. सरकारी अधिसूचनेत जमातीचे नाव आले की काम झाले. त्या अधिसूचनेच्या वैधतेची चौकशी कोणत्याही न्यायालयाने करायची नाही, अशी तरतूद होती. अलेज नाही, अक्यूज नाही, चार्ज नाही. मूल जन्मले तेच गुन्हेगार म्हणून. मुंबई इलाख्यातही हा कायदा पुढे आला, आणि सोलापूरची तारेच्या कुंपणाची वसाहत त्याचीच निर्मिती. 1952 साली कायदा गेला; पण तालुक्यात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, हे आपण सारे जाणतो.

आता आपल्या भाषेकडे वळू. लोकांच्या मराठीत आळ घेतला जातो, बालंट येते, कुभांड रचले जाते. या शब्दांत संशयाची सुई आरोप करणाऱ्याकडे वळलेली आहे. गरिबाने अनुभवातून घडवलेले हे शब्द आहेत. कचेरीची मराठी नेमकी उलट वागते. ‘आरोपी’ हा शब्दच पाहा: ऐकताना वाटावे की आरोप करणारा, आणि असतो तो ज्याच्यावर आरोप आहे तो. पोलीस न्यायालयात जे दाखल करतात त्याला फौजदारी प्रक्रियेचा कायदा नुसता ‘अहवाल’ म्हणतो, आणि आरोप ठेवायचा की नाही हे न्यायाधीशाने ठरवायचे असते. आपण मात्र त्या अहवालाला ‘दोषारोपपत्र’ म्हणतो; म्हणजे पहिल्या अक्षरातच दोष येऊन बसला. वर्तमानपत्रे त्यापुढे जाऊन मथळ्यात ‘चोरटा जेरबंद’ असे छापतात. 2022 च्या अखेरीस या देशाच्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी तिघे शिक्षा न झालेले, खटल्याची वाट पाहणारे होते. त्यांना आपली भाषा काय म्हणते, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा आहे काय?

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. कारखान्यातून आलेली चार्जशीट हा निकाल नव्हे, ती गैरवर्तनाच्या आरोपाची नोटीस आहे, हे प्रथम त्या कामगाराच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोला आणि आईला मराठीत समजावून सांगा. मग उत्तर लिहायला बसा. आरोप कोण करतो, घटना कोणत्या दिवशी व किती वाजता घडली, कोणत्या नियमाचा भंग झाला आणि साक्षीदार कोण, हे व्यवस्थापनाला लेखी विचारा. नोटीस इंग्रजीत असेल तर कामगाराला समजणाऱ्या भाषेतली प्रत मागा, आणि ती हाती पडेपर्यंत कोणत्याही कागदावर त्याला सही करू देऊ नका.