फिरत्या जलशुद्धीकरण गाडीतील पाण्याचा दाब
(गणेशपुरी, ता. भिवंडी येथे दिलेल्या भाषणावरून)



तानसा नदीला पूर आला की काठच्या विहिरींत गढूळ पाणी शिरते. अशा वेळी पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसविलेली गाडी फार उपयोगी पडते. भावनगरच्या केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेने अशी गाडी तयार केलेली आहे. गाडी कोणाचीही असो, ती गावात उभी राहिली की पंपातले कळणाऱ्या माणसाचीच आठवण होते. ज्याच्या शेतात ठिबक संच आहे, त्याला यातील निम्मे काम ठाऊकच असते.

पंप पाणी ओढतो, वाळूच्या गाळणीतून व पुढे बारीक गाळणीतून ढकलतो. त्यानंतर अतिनील दिवा किंवा आर.ओ.चे पडदे येतात. नळाची धार बारीक झाली की पुष्कळजण इंजिनाचा वेग वाढवितात. तसे करू नये. प्रथम गाळणीच्या अलीकडचा व पलीकडचा असे दोन्ही दाबमापक पाहावेत. अलीकडे दाब चढला आणि पलीकडे उतरला, तर गाळणी तुंबली आहे. वाळूच्या गाळणीत हा फरक दर चौ.सें.मी.ला अर्ध्या किलोच्या आसपास गेला की ती उलट प्रवाहाने धुवावी. दोन्हीकडे दाब उतरला असेल, तर दोष मागे आहे: फूटव्हॉल्व्ह कचऱ्याने बुजला, सांध्यातून हवा शिरते, किंवा जनरेटर मंदावला. पंपाची गती 10 टक्के घटली तर दाब सुमारे 19 टक्के घटतो. सगळे नळ एकदम सोडल्यानेही दाब पडतो, हेही लक्षात असू द्यावे.

पुराचे पाणी थेट ओढल्यास गाळणी वारंवार धुवावी लागते आणि रांगेतील माणसे ताटकळतात. त्यापेक्षा टाकीत तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा. फूटव्हॉल्व्ह रिकाम्या डब्याला बांधून तरंगता ठेवावा, मात्र तो पाण्याखाली हातभर राहिला पाहिजे. नाहीतर हवा ओढतो.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. नळ चालू असताना दोन दाबमापकांतील फरक एकाएकी नाहीसा झाला, तर धार जोरात येते आणि सर्वांना बरे वाटते. परंतु बारीक गाळणी फाटली किंवा तिची बैठक सुटली तरी असेच होते. पाणी न गाळताच पुढे जाते, गढूळ पाण्यात अतिनील किरण पोहोचत नाहीत आणि हगवण घरोघर जाते. अशा वेळी नळ लगेच बंद करून गाळणी उघडून पाहावी. भरलेले हंडे ओतायला सांगणे जड जाते, पण सांगावे.

इथे कोणीतरी विचारणारच, की कुंडाचे पाणी का घेऊ नये? ते खनिजयुक्त आहे, शिवाय गरम. 50 अंशांच्या पाण्याची वाफ होऊ लागल्याने पंपाची ओढ मीटरभराहून अधिक घटते आणि आतील पंखा खराब होतो. आर.ओ.चे नेहमीचे पडदेही साधारण 45 अंशांपर्यंतच टिकतात.

गाडी प्रथम चालू कराल तेव्हा, गाळणी स्वच्छ असताना, दोन्ही दाबमापकांचे आकडे दाराच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवा. पुढे दर तासाचे आकडे त्याशेजारी खडूने मांडावेत.