मनगटाला दांडा हवा का?



पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्यासारख्या गावांत पहाटे रस्त्याने धावणारी मुले-मुली आता नवलाची राहिली नाहीत. पोलीस भरतीची जाहिरात निघो वा न निघो, तयारी सुरूच असते. धावून झाले की मैदानावर पुशअप सुरू होतात आणि आठ-पंधरा दिवसांत एखादा मुलगा विचारतो, "सर, मनगट दुखते. पुशअपचे बार घेऊ का?" बार म्हणजे मुठीत धरायचे, जमिनीवर ठेवायचे दोन छोटे दांडे. काहीशे रुपयांना मिळतात. पण ज्या घरात रोवणीच्या मजुरीवर शिक्षण चालते, तिथे तेवढेही पैसे विचार करूनच खर्चावे लागतात. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेऊ.

आधी दुखते कशाने ते पाहू. तळहात जमिनीवर सपाट टेकवून हात सरळ उभा ठेवला, की मनगटात काटकोन होतो. आपले मनगट स्वतःच्या ताकदीने मागे साधारण ६० ते ७० अंश वाकते. उरलेला वाक अंगाच्या वजनाने ढकलून येतो. पुशअप काढताना शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हातांवर असतो. मुलगा ६० किलोचा असेल, तर दोन हातांवर मिळून जवळजवळ ४० किलो. मनगटात आठ लहान हाडे असतात. ती स्नायुबंधांनी एकमेकांशी बांधलेली असतात. पुऱ्या वाकलेल्या स्थितीत हा भार शेकडो वेळा आला, की ते बंध कुरकुरू लागतात.

दांडा मुठीत धरला की मनगट जवळजवळ सरळ राहते आणि भार हाताच्या हाडांतून थेट खाली उतरतो. म्हणजे दांड्याचा उपयोग खरा आहे. ही युक्तीही नवी नाही. आखाड्यात दंड मारताना, ज्याला पश्चिम महाराष्ट्रात जोर म्हणतात, हाताखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घेण्याची रीत जुनी आहे. शिवाय आपला दंड आणि पुशअप यांत एक फरक आहे. दंडात प्रत्येक वेळी कंबर वर उचलून शरीर मागे जाते, वजन पायांवर येते आणि मनगटाला क्षणभर विसावा मिळतो. पुशअपमध्ये शरीर फळीसारखे ताठ राहते, हातांवरचा भार हटत नाही. म्हणून शंभर दंड मारणाऱ्याचे मनगट तक्रार करीत नाही आणि पन्नास पुशअप काढणाऱ्याचे करते, असेही घडते.

मग दांडे सगळ्यांनी घ्यावेत का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. ज्याचे मनगट निरोगी आहे आणि ज्याने सराव बेताने वाढवला आहे, त्याला त्यांची गरज नाही. ज्याचे मनगट जुन्या दुखापतीमुळे पुरते मागे वाकतच नाही, त्याला ते जरूर उपयोगी पडतात. मात्र तोटेही ध्यानात ठेवावेत. दांड्यांमुळे छाती हातांच्या पातळीखाली जाते आणि खांद्यावर जास्त ताण येतो. गुळगुळीत फरशीवर ते घसरतात. आणि दांडा बोटांच्या मुळाशी धरला तर मनगट पुन्हा मागे कलते. तो तळव्याच्या टाचेजवळ, घट्ट धरावा.

दांड्याशिवाय काय करता येईल? पहिली गोष्ट, हात खांद्याच्या बरोबर खाली ठेवा. खांदे हातांच्या पुढे गेले, की मनगटाचा कोन काटकोनापेक्षाही घट्ट होतो. बोटे फाकवा आणि जमीन पकडल्यासारखा जोर बोटांतही द्या, सगळे वजन तळव्याच्या टाचेवर टाकू नका. सुरुवात भिंतीला हात लावून करा, मग घराच्या ओट्यावर, मग जमिनीवर. हात जितके उंच, तितका त्यांच्यावरचा भार कमी. घडी घातलेल्या गोणपाटावर मूठ टेकवूनही पुशअप काढता येतात. तिथे मनगट सरळच राहते आणि खर्च काही नाही. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण स्नायुबंधांना महिने लागतात. आज वीस काढणाऱ्याने पुढच्या आठवड्यात शंभरावर उडी घेऊ नये. ज्या मुली दिवसभर पऱ्हे काढतात, रोवणी करतात, त्यांच्या मनगटांचे काम तर आधीच झालेले असते. त्या हंगामात पुशअप निम्मे केले तरी काही बिघडत नाही. आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलांची हाडे अजून वाढत असतात, त्यांना आकड्यांच्या पैजा लावू देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही दुखणी दांड्यांनी बरी होत नाहीत, नुसती झाकली जातात. धावताना किंवा लांब उडी मारताना मुलगा हातावर पडतो. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबले की दुखते. सूज फारशी नसते. घरचे म्हणतात, मुरगळला असेल. तिथले स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडलेले असू शकते. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असतो आणि पहिल्या एक्स-रेत मोड कधी कधी दिसतही नाही. म्हणून डॉक्टर हात बांधून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात. तेव्हा टाळाटाळ केली तर हाड जुळत नाही आणि मनगट कायमचे अधू होऊ शकते. अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होत असतील, कपडे पिळताना करंगळीच्या बाजूला कळ येत असेल, किंवा दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणे राहिले असेल, तरीही पवनीला किंवा भंडाऱ्याला जाऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मालिश करणाऱ्याकडून मनगट ओढून घेऊ नका.

भरतीच्या मुलांना हे मुद्दाम सांगतो. पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. तिच्यात पुशअप नाहीत, पण गोळाफेकीला १५ गुण आहेत. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. तो बोटांच्या मुळाशी पेलताना मनगट मागे वाकलेलेच असते आणि शेवटचा झटका मनगटच देते. गोळ्याला दांडा लावता येत नाही. पुशअप गोळाफेकीसाठी लागणारी ताकद मिळवायला असतात. त्यांच्या आकड्यापायी मनगट गमावले, तर एकेका गुणावर यादी ठरते तिथे पंधरा गुण पणाला लागतात.

म्हणून दांडे विकत घेण्याआधी आठ दिवस पुशअप निम्मे करा, हात नीट ठेवा, मूठ टेकवून पाहा. दुखणे थांबले तर पैसे वाचले. त्यांचे चणे-शेंगदाणे आणा. थांबले नाही, तर दुकानाआधी दवाखान्यात जा.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)