मालवणचा समुद्र आणि त्याचे भागीदार



कर्जतहून समुद्र दिसत नाही. परंतु आपली उल्हास नदी वसईच्या खाडीतून अखेर त्यालाच मिळते. एवढ्या नात्यावर आम्ही आज मालवणची गोष्ट काढीत आहोत.

मालवणला रापण ओढतात. होडीतून जाळे अर्धवर्तुळाने सोडीत जायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि वाळूत पाय रोवून सर्वांनी ओढायचे. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. कोणी कोठे ओढावी याचेही जुने संकेत असतात. सहकाराचे कायदे झाले त्याच्या कितीतरी आधी ही माणसे भागीदारी जाणत होती!

१३ एप्रिल १९८७ रोजी शासनाने येथे सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यापैकी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा ३ चौरस किलोमीटरांचा भाग गाभ्याचा. प्रवाळ राखावे हा हेतू उत्तमच. पण मच्छीमाराने एवढेच ऐकले, की आपला धंदा बंद होणार. त्याने विरोध केला, आणि त्याला अडाणी म्हणण्यास आम्ही तयार नाही. कारण यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी समुद्र खरवडून नेतात, ही ओरड वर्षानुवर्षे हाच रापणकर करीत आला आहे. पर्ससीनवर राज्याने कडक मर्यादा घातल्या त्या २०१६ साली.

एकत्र बसले तर तोडगा निघतो. ट्रॉलच्या जाळ्याचा तिरपा आस ओढ बसताच मिटतो व पिल्ले अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने सिंधुदुर्गात ४० मिलिमीटरच्या अशा जाळ्याचा प्रसार झाला. पिल्लू सुटले तर लाभ पुन्हा मच्छीमाराचाच.

आता कायदा पाहा. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखावे, असे वन्यजीव कायद्यात १९९१ साली घातले गेले. २००२ च्या दुरुस्तीने प्रत्येक अभयारण्यास सल्लागार समिती आली: वनाधिकारी, आमदार, पंचायतींचे तीन, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव क्षेत्रातले तीन, झालेच तर गृह आणि पशुवैद्यक खात्यांचे प्रतिनिधी. मच्छीमार म्हणून मच्छीमाराला त्यात खुर्ची नाही. पंचायतीच्या दाराने तो आला तर आला. सल्ला द्यायचा, निर्णय नव्हे, हे आणखी निराळेच.

हेच कलम आपल्या घाटमाथ्यावरील भीमाशंकर अभयारण्यालाही लागू आहे. तेथल्या समितीत ठाकर-महादेव कोळ्यांपैकी कोण बसते, हे विचारण्यास मालवणपर्यंत जावे लागत नाही.