बाटलीतले औषध मोजतात कसे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा औषधे मोजण्याच्या यंत्राविषयी मी बोलणार, हे ऐकून काहीजणींना नवल वाटले असेल. पण घरातल्या आजाऱ्याला वेळच्या वेळी औषध देणारी बहुधा बाईच असते. मग त्या बाटलीत खरोखर काय आहे हे ठरते कसे, ते आपण का जाणू नये? माझी भाची औषधे तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने समजावले ते माझ्या शब्दांत सांगते.

२०२१ चा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. करोनातून उठलेल्या कितीतरी माणसांना काळ्या बुरशीने गाठले. तिच्यावरचे मुख्य औषध अँफोटेरिसिन-बी. हे कूळ आपल्या पुण्याला नवे नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६१ साली मातीतल्या जंतूपासून 'हमायसीन' हे बुरशीवरचे औषध शोधले गेले; त्या जंतूच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. अँफोटेरिसिन त्याच जातीचे. गुणाला चांगले, पण मूत्रपिंडांना फार जाचक.

त्यावर तोड निघाली ती अशी, की औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून द्यायचे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक नॅनोमीटर होतो. हे कण शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे. केसाच्या जाडीत असे शेकडो कण ओळीने बसतील. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्लीच्या शास्त्रज्ञांबरोबर अशा औषधावर मोठे काम केले आहे.

आता हिशेब पाहा. साधे औषध रोज वजनाच्या किलोमागे सुमारे एक मिलिग्रॅम देतात. गुंडाळलेले काळ्या बुरशीत पाच किंवा जास्तही देतात. साठ किलोच्या माणसाला रोज तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे पन्नासच्या सहा बाटल्या! एवढी मात्रा सोसते ती औषध कणांच्या आत असते म्हणूनच. कण फुटून ते बाहेर आले असेल, तर तीच मात्रा घातक ठरू शकते.

म्हणून मोजणी दोनदा करावी लागते. मोदकांचे पाहा ना. दहा मोदक शाबूत असोत की उकडताना फुटून सारण चाळणीत सांडलेले असो, वजन तेवढेच भरेल. तसेच इथे. एकदा कण विरघळवून एकूण औषध मोजायचे; दुसऱ्यांदा कण न फोडता बाजूला काढून, बाहेर सुटलेले तेवढेच मोजायचे.

मोजणारे यंत्र म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफी. खडूवर शाईचा ठिपका देऊन खडूचे टोक पाण्यात उभे करा. पाणी वर चढते आणि शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. यंत्रात खडूच्या जागी बारीक भुकटीने भरलेली पोलादी नळी असते आणि पंप तिच्यातून द्रव जोराने ढकलतो. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. पलीकडे प्रकाशाचा झोत असतो. औषध तो जेवढा शोषून घेते, तेवढा मोठा उंचवटा कागदावर उमटतो. आधी शुद्ध औषध नेमके तोलून यंत्रातून सोडलेले असते. त्याच्या उंचवट्याशी ताडून पाहिले की मिलिग्रॅम कळतात.

त्या उन्हाळ्यात माझे धाकटे दीर याच आजाराने पडले होते. इंजेक्शने कोठेच मिळेनात. एका मध्यस्थाने चार बाटल्या आणून दिल्या. किंमत अव्वाच्या सव्वा, पावती नाही, थंड पेटी नाही. औषध पिवळे, तेही पिवळेच दिसत होते. डॉक्टरांनी ते हातीही घेतले नाही. म्हणाले, "वहिनी, रंगावरून मला काही कळत नाही. हे कोणी मोजले, कोठे ठेवले, ते सांगा." आम्हा सर्वांचा जीव टांगणीला लागला. दोन दिवसांनी सरकारी वाटपातून औषध आले. दीर वाचले, एक डोळा मात्र गेला. ते दोन दिवस आधी मिळते तर, हा प्रश्न माझ्या जाऊबाईंना अजून झोपू देत नाही. पण न मोजलेले औषध टोचायचे नाही, हे डॉक्टरांचे म्हणणे त्यांनाही पटलेले आहे.

भगिनींनो, ते यंत्र आपल्या घरी येणार नाही. पण कारखान्यात झालेल्या मोजणीचा धागा आपल्या हाती असतो, तो म्हणजे बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि दुकानदाराची पावती. दोन्ही जपून ठेवा. वेष्टनावर जसे ठेवायला सांगितले असेल तसेच औषध ठेवा. थंड म्हटले म्हणून बर्फाच्या कप्प्यात घालू नका, गोठून कण फुटू शकतात. पावती नसलेली बाटली कितीही निकड असली तरी डॉक्टरांना दाखविल्याशिवाय वापरू नका, आणि संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.