कातड्यातील हरीण आणि त्याची मान



हस्तकलांच्या विकासाची चर्चा बहुधा विक्रीपासून सुरू होते. आज ती एका हरणापासून करू. आंध्र प्रदेशात धर्मावरमजवळ निम्मलकुंटा नावाचे गाव आहे. ‘तोलुबोम्मलाट’ या चर्मबाहुल्यांच्या छायानाट्याची परंपरा तेथे नांदते आहे. आपल्याला कुतूहल वाटावे अशी गोष्ट म्हणजे, या कलावंतांत शिंदे, दलवाई अशी आडनावे आहेत. घरात मराठीची एक बोली आणि पडद्यामागे तेलुगू रामायण, असा त्यांचा संसार आहे.

रामायणातील सुवर्णमृग घडवायचा तर आरंभ कातड्यापासून होतो. शेळीचे कातडे येथे कमावत नाहीत. ते भिजवून, केस खरवडून, स्वच्छ करून ताणून वाळवतात. त्यामुळे ते पारभासक राहते. कमावलेल्या चामड्यातून उजेड असा पाझरत नाही. पूर्वी देवतांच्या आकृतींसाठी हरणाचे कातडे वापरीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला, आणि ते योग्यच झाले.

मग टोकदार लेखणीने रेखाटन होते. लाकडी फळीवर कातडे ठेवून छिन्नी आणि हातोडीने बारीक छिद्रे पाडली जातात. हरणाच्या अंगावरचे ठिपके रंगवण्यापेक्षा कोरलेले अधिक जिवंत दिसतात, कारण प्रत्येक ठिपक्यातून दिव्याचा उजेड थेट पडद्यावर येतो. रंगही तसाच निवडावा लागतो. जाड, अपारदर्शक रंग लावला तर हातातले हरीण देखणे दिसेल, पडद्यावर मात्र काळा डाग उमटेल. म्हणून पातळ, झिरपणारा रंग दोन्ही बाजूंनी देतात. कारागिराची खरी कसोटी येथे आहे: त्याला वस्तू नव्हे, तिची छाया डोळ्यांसमोर ठेवून काम करावे लागते.

शेवटी मान. ती वेगळी कापून दोऱ्याच्या गाठीने धडाला जोडतात. गाठ घट्ट झाली तर हरीण वळून पाहत नाही. सैल झाली तर मान लोंबते. ही गाठ कशी बसवावी, हे खेळ करणाऱ्यालाच कळते.

2008 साली आंध्रच्या चर्मबाहुली कलेस भौगोलिक मानांकन मिळाले. 2020 मध्ये निम्मलकुंट्याचे दलवाई चलपती राव यांना पद्मश्री जाहीर झाली. दरम्यान रात्रभर चालणारे खेळ ओसरले, आणि त्याच छिन्न्यांनी दिव्यांची आच्छादने व भिंतीवरची चित्रे घडू लागली. मी त्यांना कमी लेखत नाही. अनेक घरांच्या चुली त्यांवर पेटतात. परंतु आच्छादनावरच्या हरणाला मान वळवावी लागत नाही. छिद्रे आणि रंग पुढच्या पिढीकडे जातात, गाठ मागे राहते. विक्रीच्या आकडेवारीत ही हानी दिसतही नाही.

तेव्हा प्रशिक्षण योजना आखणाऱ्यांना माझी सूचना अशी आहे. विद्यार्थ्याने केलेली आकृती टेबलावर ठेवून तपासू नये, पडदा लावून चालवून पाहावी. प्रदर्शनाच्या अंदाजपत्रकात गाळ्याच्या भाड्याबरोबर एका रात्रीच्या खेळाचे मानधनही धरावे. गायक, वादक आणि बाहुली चालवणारे, सर्वांचे. आणि सरकारी भेटवस्तूंची मागणी नोंदवताना दहा आच्छादनांमागे एक तरी सांधे असलेली बाहुली मागवावी.