छातींतील गांठ आणि घरचा उशीर
(शाळेच्या पटांगणांत भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



आजच्या विषयाचें नांव काढतांच कांहीं बाया पदर सावरतील व गडी खालीं पाहतील. तरी बोलणें भाग आहे. आपल्या देशांत बायकांना होणाऱ्या कॅन्सरांत स्तनाचा कॅन्सर पहिला आहे. २०२२ या एका सालीं सुमारें ९८ हजार बाया त्यानें मेल्या, असा अंदाज आहे.

हा रोग दगा देतो, कारण आरंभीं गांठ बहुधा दुखत नाहीं. जें दुखत नाहीं त्यासाठीं रोजगार कोण बुडवणार? अंगावर पाजणारी म्हणते दुधाची गांठ, वयस्क म्हणते वाताची. मग लेप, मग देवऋषाचा अंगारा, मग बाजारच्या दिवशीं कुठलीशी गोळी. आणि दाखवावें तर डॉक्टर पुरुष!

आमच्या शाळेंतील एका मुलीच्या आईला दसऱ्याच्या सुमारास न्हातांना गांठ लागली. पण ऊसतोडीची उचल घेतलेली. एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जाणार. पट्टा पडून ती गांवीं आली तेव्हां उन्हाळा लागला होता व काखेंतही गांठ आली होती. हे सहा महिने कोणीं खाल्ले? एकट्या लाजेनें नव्हे. उचलीनें खाल्ले, आणि घरांत बाईची पाळी सर्वांच्या शेवटीं येते त्या चालीनें खाल्ले. बैल लंगडला तर त्याच दिवशीं आपण त्याला ढोरांच्या दवाखान्यांत नेतों कीं नाहीं?

खुणा ध्यानांत ठेवा: स्तनांत किंवा काखेंत गांठ, कातडीला खळी, बोंडी आंत ओढली जाणें, बोंडींतून रक्त, न भरणारी जखम. प्रत्येक गांठ कॅन्सरची नसते. बहुतेक साध्याच असतात. पण साधी कोणती हें घरीं बसून ठरत नाहीं. सुईनें तुकडा काढून तपासावा लागतो. सुईनें रोग पसरतो ही समजूत खोटी. तो शिवाशिवीनेंही लागत नाहीं.

लवकर सांपडल्यास काय होतें? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनें १९९८ पासून गरीब वस्त्यांतील दीड लाख बायांवर अभ्यास केला. निम्म्यांची छाती शिकवून तयार केलेल्या बायांनीं दर दोन वर्षांनीं हातानें तपासली. २०२१ सालीं निकाल आला: त्यांचा रोग लवकर सांपडला, आणि पन्नाशीपुढील बायांत त्यानें होणारे मृत्यू सुमारें ३० टक्क्यांनीं घटले. यंत्र नव्हतें, शिकलेला हात होता.

तेव्हां तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईनें आरोग्य केंद्रांत छाती तपासून मागावी. २०१६ च्या सरकारी सूचनांत ही तपासणी आहे. आशाताईला विचारा. पुढें जावें लागलें तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंतील इस्पितळांत कॅन्सरवरील ठरलेले उपचार मोफत होतात. रेशनकार्ड व आधारकार्ड न्या, तेथील आरोग्यमित्राला भेटा. सोलापूर जिल्ह्यांत बार्शीलाही कॅन्सरचें इस्पितळ आहे.

गडी मंडळींनो, बायकोनें गांठ सांगितली तर "सुगी होऊं दे" म्हणूं नका. त्याच आठवड्यांत सोबत जा. मुलींनो, तुम्हांला वाचतां येतें. आईचा केसपेपर वाचा व पुढची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. विद्येचा याहून चांगला उपयोग आम्हांला ठाऊक नाहीं.