चेटकीण कशी ठरवली जाते?



संयोजकांनी बजावलं होतं, "नोकरीबद्दल बोलू नकोस, कोणाला काही कळणार नाही." म्हणून आज सॉफ्टवेअर बाजूला ठेवून चेटकिणींबद्दल बोलते. कामानिमित्त मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. तिथून जवळच लिओनबर्ग नावाचं गाव आहे. तिथली एक हकिगत सांगायची आहे. पण आधी थोडा इतिहास.

युरोपचं मध्ययुग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 'अंधारयुग' येतं आणि चौकात जाळलेल्या चेटकिणी येतात. सनावळ्या मात्र वेगळंच सांगतात. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांसाठी कायदा केला. एखादी बाई चेटकीण आहे, माणसं खाते, असं मानून जो तिला जाळेल, त्यालाच देहदंड. सन 906च्या सुमारास रेगिनो या धर्मगुरूने चर्चच्या नियमांचा संग्रह केला. त्यात म्हटलंय की काही बायकांना आपण रात्री डायना देवीबरोबर जनावरांवर बसून दूरदूर जातो असं वाटतं, पण तो निव्वळ भ्रम आहे. 1080 मध्ये पोप सातवा ग्रेगरी याने डेन्मार्कच्या राजाला लिहिलं की वादळांचा आणि रोगराईचा दोष बायकांवर ठेवू नका.

याचा अर्थ तेव्हाची माणसं फार शहाणी होती असा नाही. ताईत, मंतरलेलं पाणी, दृष्ट, गाईचं दूध आटवणारी शेजारीण, शेतावर गारा पाडणारा मांत्रिक, सगळ्यावर त्यांचा विश्वास होता. कधी जमाव कोणाच्या जिवावरही उठे. पण जादूने उडणाऱ्या बाईच्या गोष्टीला चर्चचं अधिकृत उत्तर बराच काळ "हा भ्रम आहे" असंच होतं.

हे बदललं ते मध्ययुग संपता संपता, आणि बदललं शिकलेल्या लोकांनी. पंधराव्या शतकात काही विद्वानांनी गावगप्पांना सैतानाशी केलेल्या कराराची जोड देऊन एक शास्त्रच उभं केलं. हाइनरिश क्रामर हा त्यांतला एक. 1485 मध्ये इन्सब्रुक इथे त्याने काही बायकांवर खटला चालवला. तिथल्या बिशपने तो बंद पाडला आणि क्रामरला निघून जायला सांगितलं. क्रामरने मग चेटकिणी कशा शोधाव्यात आणि त्यांच्यावर खटले कसे चालवावेत याचं पुस्तकच लिहिलं. 1486 मध्ये ते छापून निघालं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. छपाईचं यंत्र तेव्हा नवीन होतं. नवं तंत्रज्ञान खरं-खोटं पाहत नाही, जे घालाल ते पोहोचवतं.

खटल्यांचा खरा कहर झाला तो साधारण 1560 ते 1650 या काळात. सगळ्या शतकांत मिळून चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली असावीत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक बायका. म्हणजे गॅलिलिओ दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहत होता, तेव्हा हे चाललं होतं.

आता लिओनबर्ग. तिथे काटारिना नावाची एक म्हातारी विधवा राहायची. तिला झाडपाल्याची औषधं ठाऊक होती आणि जीभ जरा तिखट होती. 1615 मध्ये गावातली एक बाई म्हणाली की काटारिनाने दिलेलं पेय प्यायल्यापासून मी आजारी आहे. मग कोणाचं वासरू, कोणाचा पाय, सगळ्यांना जुनं काही ना काही आठवू लागलं. 1620 मध्ये तिला पकडलं. सत्तरी ओलांडलेली बाई चौदा महिने कैदेत होती, तीही साखळदंडात.

तिचा मुलगा योहानेस केप्लर. हो, फिजिक्समध्ये ज्याचे तीन नियम आपण पाठ केले तोच. खटला चालू असतानाच, 1619 मध्ये, त्याचा तिसरा नियम प्रसिद्ध झाला. तो आईसाठी धावून आला. शंभराहून अधिक पानांचं बचावपत्र तयार झालं. साक्षी एकमेकींशी कुठे जुळत नाहीत आणि आजाराची साधी कारणं काय असू शकतात, हे एकेक मुद्दा घेऊन मांडलं. तरी ट्युबिंगन विद्यापीठाच्या कायदेपंडितांनी सांगितलं की तिला छळाची हत्यारं दाखवून धमकावा. म्हातारी डगमगली नाही. कबूल करण्यासारखं काही नाही, एवढंच म्हणाली. ऑक्टोबर 1621 मध्ये सुटली आणि सहा महिन्यांत वारली.

बादशहाचा गणिती असलेला मुलगा किती जणींना असणार? बाकीच्यांचं काय होत असे ते फ्रीडरिश श्पे या धर्मगुरूने 1631 मध्ये स्वतःचं नाव न घालता छापलेल्या पुस्तकात लिहिलं. बाई वाईट वागली असेल तर तो पुरावा. चांगली वागली असेल तरी पुरावा, कारण चेटकिणी सोंग करतात. घाबरली तर मनात पाप आहे, नाही घाबरली तर सैतान पाठीशी आहे. छळ केला की ती कबूल करते आणि आणखी चार नावं देते. माझ्या कामात असं लिहिलेलं सापडलं, की अट खरी ठरो वा खोटी, उत्तर एकच, तर आम्ही म्हणतो की ही तपासणीच नाही. चेटकीण सापडत नव्हती, त्या पद्धतीतून तयार होत होती.

हे सगळं तिकडचं म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला असता. पण आपल्याकडे आजही कुठे कुठे एखाद्या म्हातारीला डाकीण ठरवून गावाबाहेर काढतात. अमुक माणूस करणी करतो असं पसरवून त्याचं जगणं कठीण करणं हा महाराष्ट्रात गुन्हा ठरला तो 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने. त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला. कायदा त्यांच्यामागून आला.

इथे बसलेले आपण सगळे शिकलेले आहोत. डॉक्टर आहोत, शिक्षक आहोत, वकील आहोत, हातात फोन आहेत. म्हणून एकच सांगते. आपल्या बॅचच्या ग्रुपवर कोणाबद्दल काही आलं, तर पुढे ढकलण्याआधी एवढं विचारू या: हा माणूस निर्दोष असेल, तर ते दिसायला यात काही वाट ठेवली आहे का? नसेल, तर ते तिथेच थांबवू या.

"हे कशावरून?" असं विचारायची सवय याच शाळेने लावली. ती लावणाऱ्या सगळ्या बाई-सरांना नमस्कार.